बरा होऊन घरीं आलेला माणूस

घरांत कोणास विषमज्वर झाला तर सारें कुटुंब रात्रीचा दिवस करतें. पण कोणाचें मन आजारी पडलें कीं, तीच मंडळी ती गोष्ट शेजाऱ्यांपासून लपवितात. या लपवालपवीनें उपचार लांबतात व रोग बळावतो.

कायदा आमच्या पुढें गेला आहे. २०१८ च्या मे महिन्यांत अमलांत आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रोग्यास साखळीनें बांधण्याची मनाई केली. आपल्यावर उपचार कसे व्हावे, हें आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्कही प्रौढ माणसास दिला.

परंतु ठाणें, येरवडा, नागपूर वा रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांतून बरा होऊन परतलेल्या माणसाची पुढची शुश्रूषा घरचींच माणसें करणार. रुग्णालयांत परिचारिका औषध, झोंप, आहार यांवर लक्ष ठेवते. तेंच घरीं व्हावें. डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून औषध थांबवूं नये. झोंप उडूं लागतांच त्यांस कळवावें. हा भार एकट्या सुनेवर टाकूं नये. एकत्र कुटुंबाचें बळ अशाच वेळीं उपयोगी पडावयाचें. अडचण पडल्यास २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’चा सल्ला १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळतो.

मंगलकार्यांत त्यास मागच्या खोलींत बसवूं नका. पंगतींत त्याचें पान सर्वांबरोबर मांडा, इतकेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.