फलकावरचा भाव

भाव कसा हलतो, हे सोनाळ्यातल्या कापूसवाल्याला शिकवावं लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात खेडा खरेदीचा काटा लागला आणि गाड्यांची रांग वाढली, की व्यापारी मान वरही न करता शंभर रुपये उतरवतो. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवरचा बुकमेकर वेगळं काय करतो? त्याच्याकडे आवक पैशांची, एवढंच.

समजा, एका घोड्याचा भाव एकाला चार आहे. कुणी लाख रुपये लावले आणि घोडा आला, तर बुकमेकरचे चार लाख गेले. म्हणून तो पावती फाडताच भाव तीनवर आणतो आणि बाकीच्या घोड्यांचे वाढवतो, म्हणजे पुढचं गिऱ्हाईक तिकडे वळावं. पहिल्याच्या पावतीवर चार लिहिलंय ते चारच राहतं. तरी ओझं वाटलं तर तो स्वतःच शेजारच्या बुकमेकरकडे तोच घोडा लावतो. मग त्याचाही भाव पडतो. पैसा कुणाचा, हेही तो बघतो. तबेल्यातली खबर असलेल्याचे दहा हजार त्याला हौशी शेठच्या लाखापेक्षा जड वाटतात. रेसकोर्सवरच्याच टोट या दुसऱ्या पद्धतीत ही धास्ती नाही. तिथे सगळा पैसा एका गल्ल्यात, कपात करून उरलेला जिंकणाऱ्यांत वाटायचा.

क्रिकेटचा सट्टा बेकायदेशीर, पण हिशेब तोच. आपल्याकडे त्याला लगवाडी-खायवाडी म्हणतात. बरोबरीच्या सामन्यात दोन्ही संघांना 90 पैसे भाव. दोन्हीकडे शंभर-शंभर आले, तर जिंकणाऱ्याला 190 देऊन बुकीकडे दहा उरतात. एकीकडे पैसा लोटला, की तिथला भाव 80 पैसे आणि समोरचा रुपया.

लोक मात्र या भावाकडे भेंडवळच्या घटमांडणीसारखं बघतात, जणू भाकीतच. निम्मा वेळ तो बुकीच्या वहीतला तोल असतो.

मटक्यात हा तोलही नाही. त्याआधीच्या आकड्याच्या जुगारात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या दरांवर पैसे लागत. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला. एका आकड्याला रुपयाला नऊ, हे ठरलेलं. सणाच्या तारखेचा आकडा सगळ्यांनीच लावला तरी नऊच. मग खालचा बुकी तो आकडा वरच्याकडे फिरवतो. त्याला कटिंग म्हणतात.