चार चाके जुळविताना
तंबोऱ्याला चार नव्या तारा चढविल्या म्हणून तो सुरात लागत नाही. त्या जुळवाव्या लागतात. जुन्या मोटारीला चारही चाकांना डिस्क ब्रेक बसविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१९५३ साली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या जग्वारला चारही चाकांना असेच ब्रेक होते. उतारावर ड्रम तापला की पकड ढिली पडते. उघडी चकती मात्र लवकर निवते. तेव्हा हौस रास्तच आहे.

परंतु ब्रेक दाबताच भार पुढे झुकतो व मागची चाके हलकी होतात. तीच आधी जखडली तर गाडी गर्रकन फिरते! म्हणून मागचा दाब व्हॉल्व्हने बेताचा ठेवावा लागतो. ड्रमसाठी नळीत दाब राखणारा जुना व्हॉल्व्ह काढावा, नाहीतर पॅड चकतीला घासत राहतात. डिस्कला जोर अधिक लागतो. त्यासाठी बूस्टर व जुळता मास्टर सिलिंडर हवा. हँडब्रेकही विसरू नये.

नळ्यांतील हवा काढून, जाणत्या मिस्त्रीला शेजारी बसवून, रिकाम्या रस्त्यावर बेताच्या वेगाने पारख करावी. जखडलीच तर पुढची चाके आधी जखडावीत. तोवर घरच्या मंडळींना गाडीत बसवू नये.