स्लग-संघर्ष

संकेतस्थळावरील पत्त्याचा जो भाग विशिष्ट पानाची ओळख दर्शवितो, त्यास स्लग म्हणतात. आशय व्यवस्थापन प्रणालीत दोन पानांसाठी एकच स्लग तयार झाल्यास त्या स्थितीस स्लग-संघर्ष असे म्हणतात.

कारणे

समान नावे हे याचे प्रमुख कारण होय. उदाहरणार्थ, मालेगाव नावाची शहरे वाशिम व नाशिक या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. दुसरे कारण लांबीची मर्यादा हे आहे. पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह टक्का-सांकेतनाने ९ वर्णांचे होते. त्यामुळे वाशिम जिल्ह्यातील ‘केनवड’ या गावाचे पाच चिन्हांचे नाव ४५ वर्ण व्यापते. वर्डप्रेस या प्रणालीत स्लगची मर्यादा २०० वर्ण आहे. परिणामी ‘वाशिम जिल्ह्यातील ग्रामपंचायत निवडणूक’ आणि ‘वाशिम जिल्ह्यातील ग्रामपंचायत कार्यालये’ ही दोन्ही शीर्षके ‘ग्रामप’ येथेच तुटून एकसारखी होतात.

निराकरण

वर्डप्रेस नंतरच्या स्लगला ‘-२’ असा अंक आपोआप जोडते. त्यामुळे संघर्ष टळतो, परंतु पान कशाविषयी आहे हे त्या अंकावरून कळत नाही. त्याऐवजी जिल्ह्याचे नाव जोडणे किंवा लहान स्लग स्वतः लिहिणे अधिक उपयुक्त ठरते.

स्लग बदलल्यास जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ प्रकारचे कायमस्वरूपी पुनर्निर्देशन ठेवावे लागते. मात्र जुना पत्ता दुसऱ्याच पानास दिल्यास आधीचे दुवे तुटत नाहीत, तर वाचकास नकळत चुकीच्या गावाकडे नेतात. म्हणून अशा नावाच्या मूळ पत्त्यावर, विकिपीडियाप्रमाणे, निःसंदिग्धीकरण पान ठेवणे सुरक्षित असते.