समोरासमोरचे रंग

दिवाळी तोंडावर आली की आमच्या गटात अंतर्गत कर्जाची मागणी वाढते. त्यातली बरीचशी घर रंगवायला असते. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका ताईंनी कर्ज काढून खोली रंगवली. दोन भिंती फिक्या निळ्या, दोन भडक नारिंगी. आठवड्यात म्हणू लागल्या, "घरात बसवत नाही गं, डोळे दुखतात." पुन्हा रंगवायला पैसे कुठले? हप्ता तर चालूच!

रंग वाईट नव्हते, प्रमाण चुकलं होतं. निळा आणि नारिंगी, लाल आणि हिरवा, पिवळा आणि जांभळा या विरुद्ध रंगांच्या जोड्या. शेजारी आले की दोघंही जास्त उठून दिसतात. करून बघा. लाल कापडाकडे अर्धा मिनिट एकटक पाहा, मग पांढऱ्या भिंतीकडे. तिथे निळसर हिरवा डाग दिसेल. लाल बघून दमलेला डोळा विरुद्ध रंग आपणच दाखवतो.

साडी घेताना हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हिरव्या साडीला लाल काठ शोभतो, कारण काठ चार बोटांचा असतो. अर्धी लाल, अर्धी हिरवी साडी आपण हातातही धरणार नाही. भिंतीच्या वेळी मात्र पेंटर सांगेल ते खरं!

आम्ही चौघींनी एका रविवारी ताईंच्या नारिंगी भिंतींवर पांढरं डिस्टेंपर मारलं. नारिंगी झाकायला दोन हात लागले. मग जुन्या नारिंगी साडीचे उशांचे अभ्रे शिवले, दाराला झेंडूचं तोरण. खर्च एका डब्याचा. आता त्यांच्याच घरी बैठक भरते.

आजी चुन्यात नीळ घालायची, तेही हेच. नीळ निळी-जांभळट, म्हणून चुन्याचा पिवळटपणा मारते. चिमूटभरच हवी, नाहीतर भिंतच निळी.

उरलेले दोन विरुद्ध रंग एकत्र मात्र ओतू नका, मातकट होतात. आम्ही ओतले होते, तो डबा शेवटी गोठ्याला गेला.

आणि कर्जाचा अर्ज भरण्याआधी छोटा डबा आणून भिंतीवर हातभर पट्टा मारा. सकाळी बघा, रात्री दिव्याखालीही बघा. पिवळ्या बल्बखाली निळा काळपट दिसतो.