बायबलातील शेजारधर्म

ख्रिस्ती धर्माचे सार काय, असे विचारले तर 'शेजाऱ्यावर प्रीती' हे उत्तर सहसा मिळते. उत्तर खरे आहे. पण ते इतके वापरले गेले आहे की, त्याचा रोजच्या व्यवहाराशी काय संबंध, हे विचारायचेच राहून जाते. प्रीती म्हणजे मनाचा हळवेपणा, अशी समजूत होऊन बसते. ज्या ग्रंथातून ही आज्ञा आली, तेथे मात्र प्रीतीचा हिशेब शेतात, बाजारात आणि मजुरीच्या पैशांत मांडलेला आहे. तोच आम्ही येथे उलगडून पाहणार आहोत.

ही आज्ञा येशू ख्रिस्ताने नव्याने रचली नाही. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, या प्रश्नाला उत्तर देताना त्याने ती देवावरील प्रीतीच्या जोडीला ठेवली, आणि घेतली ती जुन्या करारातील 'लेवीय' या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातून. तेथे ती 18 व्या वचनात आहे. तिच्या आगेमागे काय आहे, हे पाहिले म्हणजे अर्थ आपोआप उकलतो. पीक कापताना शेताचे काठ राखावेत आणि पडलेली कणसे गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत. मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये. न्याय करताना गरिबाची कीव किंवा थोराची भीड धरू नये. तराजू, वजने आणि मापे खरी असावीत. शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे ही कामे करणे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती थोडी. पण या नियमांतील एकही गोष्ट येथे परकी नाही. कापणीनंतर मागे राहिलेले धान्य वेचणे, म्हणजे सरवा वेचणे, हे मराठवाड्यात कोणास सांगावे लागत नाही. मराठी बायबलातही हाच शब्द आला आहे. मवाब देशाहून आलेली रूथ नावाची गरीब विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते, आणि पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या वंशावळीत तिचे नाव येते. मजुरीचेही तसेच. पाडव्याला सालगड्याचे साल ठरते. ठरलेले पैसे वेळेवर मिळाले तर त्याची चूल पेटते. लांबले तर त्याला कर्ज काढावे लागते. मजुराचा जीव मजुरीकडे लागलेला असतो, हे बायबलाने ओळखले आहे; म्हणून ती सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे 'अनुवाद' या पुस्तकात पुन्हा बजावले आहे. आणि मोंढ्यात हळद घालताना काटा मारला गेला तर काय होते, हे वसमतच्या शेतकऱ्यास आम्ही काय सांगावे?

येथे एक शंका निघेल. त्याच अध्यायात दोन प्रकारच्या सुताचे कापड वापरू नये, असाही नियम आहे. तो तर ख्रिस्ती मनुष्य पाळीत नाही. मग बाकीचे नियम का पाळावेत? यावर आम्हांस असे वाटते की, याचे उत्तर नव्या करारातच आहे. याकोबाच्या पत्रात हीच प्रीतीची आज्ञा 'राजमान्य' ठरवली आहे, आणि तिच्या जोडीला मोजक्या गोष्टी सांगितल्या आहेत: मंडळीत श्रीमंतास मानाची जागा आणि फाटक्या वस्त्राच्या माणसास उभे ठेवणे हे पाप, पीक कापणाऱ्यांची बुडवलेली मजुरी देवाकडे ओरड करते. म्हणजे कापडाचा नियम मागे राहिला. बैठक आणि मजुरी पुढे आली.

बैठकीची गोष्ट या भूमीस चांगली ठाऊक आहे. औंढ्याला नामदेवांस देवळाच्या मागे जावयास लावले, तेव्हा देऊळच फिरले, अशी कथा आपण सांगत आलो. ती कथा ऐकून मान डोलावणे सोपे. आपल्या पंगतीत कोणास कोठे बसवतो, ते पाहणे कठीण. बाप्तिस्म्याने जात आपोआप सुटत नाही. सोयरीक जमवताना ख्रिस्ती घरांतही मूळ जात कित्येकदा विचारली जाते. याकोबाचा बोल तेथेही लागू आहे.

वचन आणि वर्तन यांची जोड महाराष्ट्राने पंडिता रमाबाईंच्या ठायी पाहिली. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली व विधवा आणल्या आणि केडगाव येथे त्यांस आसरा दिला. त्याच आवारात त्या मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलाचे सोपे मराठी भाषांतर करीत राहिल्या. आश्रमातील स्त्रियांनी छापखान्याचे काम शिकून घेतले आणि खिळे जुळवले. रमाबाई 1922 साली वारल्या. ते बायबल 1924 साली बाहेर आले. जिला आधी भाकरी मिळाली, तिनेच पुढे वचन छापले.

म्हणून रविवारी किती वचने पाठ म्हटली, यावर श्रद्धा मोजता येत नाही. वेदीपाशी आल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे ख्रिस्ताने सांगितले. सालगड्याची बाकी राहिली असेल, तर प्रार्थनेस जाण्याची वाट त्याच्या दारावरून जाते. बायबल मानणाऱ्यास हे बंधन आहे. न मानणाऱ्यासही यात काही खोटे सापडेल, असे आम्हांस वाटत नाही.