वळिवडे आणि लपलेली मुले: गैरसमज व वस्तुस्थिती

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुलेच जास्त होती. ही मुले हिटलरच्या तावडीतून निसटलेली ज्यू मुले होती, असे महाराष्ट्रात आजही सांगितले जाते. ते खरे नाही. छावणीतले बहुसंख्य लोक कॅथलिक होते आणि त्यांना देशोधडीला लावले होते ते सोव्हिएत राजवटीने. १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधील कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली. जुलै १९४१ च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर ती सुटली आणि त्यांतली काही इराणमार्गे भारतात पोचली.

याच लोंढ्यात ज्यू मुलेही होती. तेहरानला जमलेल्या सातशेहून अधिक ज्यू मुलांना इराकने वाट दिली नाही, म्हणून त्यांना बोटीने कराचीला आणि तेथून सुएझमार्गे नेले गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये ती पॅलेस्टाइनला पोचली.

लपून वाचलेली ज्यू मुले यांहून वेगळी. ती नाझींच्या ताब्यातील युरोपातच राहिली. ॲन फ्रँकच्या दैनंदिनीमुळे लपणे म्हणजे माळ्यावर कोंडून घेणे, असे चित्र मनात पक्के बसले आहे. ॲनचे कुटुंब ऑगस्ट १९४४ मध्ये पकडले गेले आणि १९४५ मध्ये ती बर्गेन-बेल्सन छावणीत मरण पावली. वाचलेली अनेक मुले मात्र चारचौघांत वावरत होती: कॉन्व्हेंटमध्ये, अनाथाश्रमात, शेतकऱ्यांच्या घरी. नाव खोटे, बाप्तिस्म्याचा दाखलाही खोटा, आणि ख्रिस्ती प्रार्थना तोंडपाठ. सुंता झालेली असल्याने मुलग्यांना धोका अधिक. आईवडील बहुधा दुसरीकडेच लपलेले, त्यामुळे तान्ही मुले त्यांना विसरूनही गेली.

युद्ध संपले आणि मुले घरी परतली, हाही गैरसमजच. अनेकांचे आईवडील मारले गेले होते. फ्रान्समध्ये लपवलेल्या फिनाली या अनाथ ज्यू बंधूंचा बाप्तिस्मा करून त्यांना नातेवाइकांकडे द्यायला नकार दिला गेला. कोर्टकचेरीनंतर १९५३ मध्ये ती मुले आत्याच्या हाती आली.

छळछावणीत न गेलेल्या या मुलांनी फारसे सोसलेच नाही, हा समज सर्वांत अन्यायकारक. त्यापायी ती कितीतरी वर्षे गप्प राहिली. त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळावा न्यूयॉर्कमध्ये भरला तो १९९१ मध्ये.