चिखलातील सोबती आणि बदलता समुद्र

ओहोटीच्या वेळी केळशीच्या खाडीकाठी उभे राहिले, की उघडा पडलेला चिखल प्रथमदर्शनी निर्जीव भासतो. जरा वाकून पाहिले, तर त्यात बारीक छिद्रे आणि मातीच्या लहान गुंडाळ्या दिसतात. त्यांतील कित्येक समुद्री कृमींच्या बिळांच्या खुणा असतात. शेतात गांडूळ जे काम करते, तेच खाडीत त्याचे हे भाऊबंद करतात. चिखल उकरून ते खालपर्यंत प्राणवायू पोहोचवितात, कुजका पाला पचवितात आणि अखेरीस मासे, खेकडे व पक्षी यांचे अन्न होतात. भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या या गावाच्या मासळीचा एक आधार असा डोळ्यांआड आहे.

परंतु कृमी हे काम एकट्याने करीत नाही. त्याच्या आतड्यात, अंगावरील बुळबुळीत थरात आणि बिळाच्या भिंतींवर असंख्य जीवाणू नांदत असतात. या सोबत्यांना मिळून सूक्ष्मजीवसमुदाय म्हणतात. अन्न पचविणे, घातक जंतूंना दूर ठेवणे, विषारी द्रव्ये निरुपद्रवी करणे यांत त्यांचा वाटा असतो. इटलीतील एल्बा बेटाजवळच्या वाळूत राहणाऱ्या ऑलॅव्हियस या कृमीला तर तोंडही नाही आणि आतडेही नाही. त्वचेखालचे जीवाणू गंधकाच्या संयुगांतून ऊर्जा मिळवून त्याला पोसतात. सोबती गेले, तर त्याचे जगणेच संपेल.

आता समुद्राकडे वळू. सोडावॉटरमध्ये कार्बन डायऑक्साइड वायू विरघळून सौम्य आम्ल तयार होते. तीच क्रिया समुद्रात अव्याहत चालू आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दशलक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. आपण सोडतो त्यातील सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागाचा सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे. हा फरक दिसायला अल्प आहे. पण सामूच्या मोजपट्टीचे गणित असे, की त्यातून आम्लतेत सुमारे तीस टक्के वाढ होते. समुद्र आंबट झाला असा याचा अर्थ नव्हे. तो अजून अल्कधर्मीच आहे. आम्लीकरण हे त्याच्या वाटचालीच्या दिशेचे नाव आहे.

या वाटचालीत शिंपले आणि प्रवाळ यांची कवचे धोक्यात येतात, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. कृमीला कवच नाही, मग त्याला काय भीती? प्रत्येक जीवाणूला मानवणारा सामू वेगळा असतो. तो बदलला, की काही जाती मागे पडतात आणि दुसऱ्या त्यांची जागा घेतात. शिवाय शरीरातील द्रवांचा तोल राखण्यासाठी कृमीला अधिक ऊर्जा खर्चावी लागते. ती वाढ व प्रजनन यांतून वजा होऊ शकते. घरमालक थकला, की बिऱ्हाडकरूंचीही घडी विस्कटू शकते.

उद्याचा समुद्र कसा असेल, हे पाहण्याची एक नैसर्गिक प्रयोगशाळा इटलीच्याच इस्किया बेटाजवळ आहे. तेथे ज्वालामुखीय भूमीतून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील दोन कृमींच्या दोन तऱ्हा आढळल्या. एका जातीत आनुवंशिक बदल घडून ती आम्लतेला सरावली होती. दुसरीने अनुवंश न बदलता शरीरक्रिया जुळवून घेतली होती. म्हणजे काही जीव तग धरतात. पण ते सर्वांनाच साधत नाही.

आपल्या अरबी समुद्रात पावसाळ्यात खोल थरातील, कमी प्राणवायूचे आणि अधिक आम्लधर्मी पाणी किनाऱ्याकडे वर येते. खाडीतील जीवांना भरती-ओहोटीच्या चढउतारांची सवय असते. तथापि मूळ पातळीच खाली सरकत गेली, तर सवयीलाही मर्यादा पडते. त्यात सांडपाणी आणि कचरा कुजून खाडीत आणखी कार्बन डायऑक्साइड मिसळतो.

हवेतील वायू कमी करणे हे जगाचे काम आहे. खाडीत घाण न सोडणे आणि कांदळवन राखणे हे आपले. किनाऱ्यावरील शाळांतील मुलांनी दर महिन्याला एकाच जागी, भरतीच्या एकाच वेळी पाण्याचा सामू मोजून वहीत नोंदविला, तर काही वर्षांत त्या वहीचे मोल मोठे ठरेल. ज्या चिखलाला आपण पाय पुसून विसरतो, त्याची विचारपूस तेथूनच सुरू होईल.